शिरूरच्या माडीवरचं दौंड

आबांची आणि माझी पहिली गाठ पडली ती त्यांच्या पाठीशी. संध्याकाळी ड्यूटी संपवून मी एसटी स्टँडवरून घरी चाललो होतो आणि गल्लीच्या दुसऱ्या तोंडाकडून एक खाकी शर्ट उलट्या पावलांनी माझ्याकडे येत होता. पाठ पुढे, तोंड मागे, ओठांत आकडे. मी डावीकडे सरकलो, तर तोही डावीकडे सरकला. शेवटी ती पाठ माझ्या छातीवर आदळली, आणि मी काही बोलायच्या आत तिनेच मला झापलं.

"एकशे बारा झाले हुते. आता परत पयल्यापासनं मोजाय लागंल."

मी विचारलं, काय मोजताय? उत्तर आलं की दौंडचा प्लॅटफॉर्म या गल्लीत बसतो का ते बघतोय. मग सरळ चालत का नाही मोजत? आबांनी तेव्हा कुठे तोंड वळवून माझ्याकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस आणि इतकं साधं कळू नये, असा भाव होता त्यात.

"मनमाडची गाडी दौंडातनं उलटीच निघती. मोजायचं तर तसंच मोजाय पायजे."

एवढं बोलून ते गल्लीच्या टोकाला गेले आणि पुन्हा एकपासून सुरू झाले. त्या दिवसापासून शिरूर सोडेपर्यंत मी त्यांचा शेजारी होतो आणि त्यांनी मला एक दिवस स्वस्थ बसू दिलं नाही.

आबा दौंडला रेल्वेत सांधेवाले होते. रूळ जिथे फुटतात तिथला सांधा बदलायचा, आणि इंजिन आणि डबा यांच्या मधे उतरून कपलिंग सोडायचं, जोडायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्त झाल्यावर मुलाने शिरूरला आणलं. मुलगा रांजणगावच्या एका कारखान्यात शिफ्टला. घर जुन्या मिशनच्या मागच्या ख्रिस्ती आळीत, खाली दोन खोल्या, वर एक लांबट माडी. सगळं चांगलं होतं. फक्त शिरूरला रेल्वे नाही. रेल्वेच्या माणसाला शिरूरला आणून ठेवणं म्हणजे नावाड्याला माळावर बसवणं.

पण आबा बसतील तर ना. सकाळी दहाला मोबाइलवर रेल्वेच्या वेळा बघत ते स्टँडवर माझ्या कंट्रोलच्या खिडकीशी हजर. न्हावऱ्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या बायामाणसांना ते स्वच्छ आवाजात सांगत की मनमाडची गाडी चाळीस मिनिटं लेट आहे. एकदा पाटीवाल्या एका आजीने भाबडेपणाने विचारलं, मग न्हावऱ्याची कवा? आबा म्हणाले, "ती माझ्याकडं न्हाई. ती ह्या कंट्रोलरला इचारा, त्येलाबी म्हाईत नसंल."

एसटीबद्दल त्यांचं मत मला रोज ऐकावं लागे. स्टेअरिंग असल्यावर कुणीही वळेल, त्यात अक्कल ती काय. रुळावरचा माणूस आधी विचार करतो, मग निघतो. तुमचं आधी निघायचं, विचार चौफुल्याला गेल्यावर. मी म्हणायचो, आबा, रोज आमच्या स्टँडवर बसून आमचीच निंदा? ते म्हणायचे, दुसरं स्टेशन दाखवा, तिथं जाऊन बसतो.

ज्यांना दौंड ठाऊक नाही त्यांना एक सांगायला हवं. पुण्याची लाइन आणि मनमाडची लाइन, दोन्ही दौंडात एकाच अंगाने शिरतात. म्हणून पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला थांबायची, पुढचं इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळावरून मागच्या टोकाला जाऊन लागायचं, आणि गाडी आली त्याच अंगाला उलटी निघायची. पंचवीस मिनिटांचा कार्यक्रम. पाण्याच्या बाटल्या भरल्या जायच्या, चहा व्हायचा, आणि नवखा प्रवासी हटकून घाबरायचा. खिडकीतून मुंडी काढून खाली उभ्या आबांना विचारायचा, "ओ, गाडी परत पुण्याला चालली का?"

आबा चेहरा दगडाचा करून म्हणायचे, "व्हय. बसा, पुन्यालाच चालली."

एकदा या उत्तराने अख्खं वऱ्हाड सामानासकट खाली उतरलं होतं. मग आबांनीच नवरीची ट्रंक डोक्यावर घेऊन परत चढवली. हा किस्सा सांगताना ते इतके हसायचे की डाव्या हाताने डोळे पुसावे लागायचे. त्या हाताच्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं. तेवढ्यापुरतं हसू थांबायचं. "घाई केल्ती एक डाव," ते करंगळीकडे बघून म्हणायचे. "कपलिंगापाशी घाई न्हाई करायची."

पुढे दौंडच्या बाहेरूनच पुण्याची आणि मनमाडची लाइन जोडणारा एक तुकडा टाकला गेला. कॉर्ड लाइन. आता बऱ्याच गाड्या दौंडात न शिरता परस्पर जातात. इंजिन फिरवायला नको, वेळ वाचतो, सगळ्यांची सोय झाली. आबांनाही ते मान्य होतं. फक्त 'कॉर्ड' हा शब्द ते भावकीतल्या वैऱ्याचं नाव घ्यावं तसा घेत.

तर एका नाताळला मुलाने बापाचं मन रमावं म्हणून खेळण्यातली आगगाडी आणली. खेळण्यातली म्हणजे अगदी हुबेहूब; बोटभर उंचीचं इंजिन, तीन डबे, विजेवर चालणारी. सोबत गोल जोडायचे रूळ. आबांनी गाडी हातात घेतली, चाकं फिरवून बघितली, कपलिंग नखाने उचलून बघितलं आणि डोळ्यांत पाणी आलं. मग ते गोल रूळ पाहिले आणि पाणी आटलं. "गोल फिरती ती जत्रंतली. निघाली कुठनं, पोचली कुठं, काय पत्ताच न्हाई."

तिथून दौंड शिरूरला आणायचं काम सुरू झालं. गाडी खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीपट लहान, म्हणजे दौंडही तेवढंच लहान करायचं. माडीच्या भिंतींवर तपकिरी कागद लागले. खडू आबांच्या खिशातून निघून घरभर पसरला. फार आवळलेल्या वळणावर डबे रुळाबाहेर पडतात हे कळल्यावर मोठं वर्तुळ काढायला काय घ्यावं याचा शोध लागला. ताट झालं, सायकलचं चाक झालं, शेवटी मंडपवाल्याची तीन फुटी परात माडीवर आली. चार पंगती तिच्यावाचून अडल्यावर मंडपवाला स्वतः शोधत आला, तर आबांनी त्यालाच परातीत पाय देऊन उभं केलं आणि कडेने रेघ मारून घेतली. कपलिंग सोडायला बारीक आकडा लागतो म्हणून माईंच्या, म्हणजे आबांच्या बायकोच्या, केसांतल्या पिना एकेक करून वर गेल्या. माई शांत बाई. त्या अंबाड्याला रिबीन बांधायला लागल्या.

पण दौंड माडीत मावेना. प्लॅटफॉर्म बसवला की यार्ड बाहेर पडे; यार्ड घेतलं की पुणे जिन्यात जाई. एका सकाळी सूनबाई स्वयंपाकघरात गेल्या तर मिक्सरच्या मागे भिंतीवर खडूचं वर्तुळ, आणि खाली लिहिलेलं, 'सोलापूरकडे'. तिथे भोक पाडून गाडी काढायची, खालच्या दुसऱ्या खोलीतून फिरवायची आणि जिन्यातून वर आणायची असा बेत होता. सूनबाईंनी फडक्याने वर्तुळ पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उगवलं. त्यांनी त्यावर कॅलेंडर टांगलं. आबांनी कॅलेंडरवर वर्तुळ काढलं.

एखादा नकाशा पुरा झाला की मला आनंद व्हायचा, आबांना धडकी भरायची. रात्रीत त्यांना त्यात चूक सापडे, सकाळी कागद उलटा होई आणि मागच्या बाजूने नवीन दौंड सुरू. दीड वर्षात एक फूट रूळ ठोकला गेला नाही. मी एकदा चिडवलं, आबा, खरं दौंड बांधायला एवढा वेळ लागला नसेल. म्हणाले, त्यांना जागा हुती.

एका रविवारी माप पक्कं करायला ते मला दौंडला घेऊन गेले. एसटीने. वाटेत भीमेच्या पुलावर म्हणाले, बघा, ही तुमची गाडी रस्त्याबाहेर जाऊ शकते, नदीतसुद्धा. याला काय स्वातंत्र्य म्हणायचं? दौंडला पोचल्यावर प्लॅटफॉर्मच्या एका टोकाला उभे राहिले आणि सुरू झाले. उलटे. मी पुढे होऊन माणसं बाजूला करत होतो. मध्यावर एक तरुण हवालदार आडवा आला.

"आजोबा, काय चाललंय?"

"माप घेतोय."

"कशाचं?"

"दौंडचं."

"कशाला?"

"न्यायचंय."

"कुठं?"

"शिरूरला."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी एसटीच्या गणवेशाची सवय असलेला माणूस, तेवढ्याच गंभीरपणे मान हलवली. एका म्हाताऱ्या चहावाल्याने आबांना ओळखलं म्हणून बरं, नाहीतर आम्हा दोघांना बसवून ठेवलं असतं. चहा पिताना लांबून, गावाबाहेरून, एक शिट्टी ऐकू आली. गाडी कॉर्डवरून परस्पर चालली होती. चहावाला म्हणाला, आता आपल्याकडं येतंय कोण. आबांनी त्या बाजूला पाहिलं नाही. कप ठेवला आणि म्हणाले, "कंट्रोलर, उठा. किती झाले हुते?" मी आकडा विसरलो होतो. परत पहिल्यापासून.

इकडे माडीवर दुसरा दावेदार उभा राहिला होता. सूनबाई केंदूरच्या, कष्टाळू आणि हिशेबी बोलणाऱ्या. त्यांनी पार्लरचा कोर्स पुरा केला होता आणि लग्नसराईच्या आत त्यांना पार्लर टाकायचं होतं. जागा एकच, माडी. त्यांनी जवळजवळ दोन वर्षं कागद सहन केले, कॅलेंडर सहन केलं. मग नोव्हेंबरात एक दिवस आरसा आणि फिरती खुर्ची टेम्पोतून उतरली आणि जिन्याखाली येऊन थांबली. सूनबाईंनी माझ्यादेखत सासऱ्यांना सांगितलं, आणि आवाज अजिबात चढवला नाही.

"आबा, नाताळच्या आदल्या रविवारी देवळातनं उपासना करून आलो की मी वर येणार. तुमची गाडी पुण्याहून मनमाडला गेली पाहिजे, मधे कुणी गाडीला हात न लावता. गेली तर माडी तुमची, मी परत विचारणार नाही. नाही गेली तर सोमवारी खुर्ची वर."

आबा म्हणाले, "दौंडात इंजिन फिरवाय हात लावावा लागतो."

"तेच म्हणते मी. तुम्ही नुसतं फिरवतच बसता."

सूनबाई खाली गेल्या. आबा खिडकीत उभे राहिले. हात न लावता पुण्याहून मनमाडला जायचा एकच मार्ग होता आणि तो आम्हा दोघांनाही ठाऊक होता. ते वैऱ्याचं नाव शेवटी मीच उच्चारलं, आणि कबूल करतो, थोडं मजेनेच. आबांनी मला जिना दाखवला.

पण दुसऱ्या दिवशी प्लायवूड आलं. मग पाच आठवडे जे चाललं त्याला काम नाही, घाई म्हणायचं. आयुष्यात पहिल्यांदा आबा निघाले आधी आणि विचार नंतर. माडीच्या तीन भिंतींना लागून फळ्या आल्या. एका टोकाला पुणे, दुसऱ्या टोकाला मनमाड, मधे भिंतीलगत सरळ दौंड, आणि दौंडच्या तोंडाशी दोन्ही लाइनी जोडणारा तो वाकडा तुकडा, मंडपवाल्याच्या परातीने काढलेला. बाकी सगळे रूळ आबा हाताने कुरवाळून बसवत. कॉर्डचा तुकडा बसवताना ठोकत. गाडी पुण्याहून दौंडपर्यंत येत होती, झकास. कॉर्डचा शेवटचा जोड मात्र त्यांनी मुद्दाम बाकी ठेवला. म्हणाले, तो त्या दिवशी. सगळ्यांसमोर.

तो रविवार आला. देवळातून आल्यावर सगळे वर आले. मुलगा पहिल्या पाळीला गेला होता. माई एका स्टुलावर, मांडीवर करंज्यांचं ताट. सूनबाई दारात, उंबऱ्याच्या बाहेर, आत पाऊल न टाकता. आबा इस्त्रीचा खाकी शर्ट घालून फळ्यांपाशी. पुण्याला गाडी उभी. सांधे कॉर्डकडे लावलेले. त्यांनी शेवटचा रूळ सरकवून जोडला, मागे झाले, दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे वर केले आणि मला मानेने खूण केली. मी बटण फिरवलं.

गाडी जागची हलली नाही.

मी आणखी फिरवलं. अडॅप्टरमधून गरम प्लॅस्टिकचा वास आला आणि त्याचा लाल दिवा विझला. आबांनी सांधे बघितले, चाकं बघितली, रुळांवर बोट फिरवलं. सगळं बरोबर होतं. मग ते वाकले आणि डाव्या रुळावर बोट ठेवून त्याच्याबरोबर चालत निघाले. पुणे, कॉर्ड, मनमाडचा सांधा, दौंड, आणि दौंडहून पुन्हा पुण्याच्या लाइनीवर. बोट जिथून निघालं होतं तिथे परत आलं, पण आता ते उजव्या रुळावर होतं.

खऱ्या रेल्वेत याने काही बिघडत नाही. तिथे वीज वरच्या तारेत. या बोटभर गाडीची वीज मात्र रुळांतच, एकात जाणारी, एकात येणारी. कॉर्ड जोडली की तीन लाइनींचा त्रिकोण होतो आणि दोन्ही रूळ फिरून एकमेकांना जाऊन भिडतात, म्हणजे शॉर्टसर्किट. आयुष्यभर रुळावर काढलेल्या माणसालाच ही चूक सुचू शकते. खेळण्यातली गाडी खेळणाऱ्या पोराने ती केली नसती.

माईंनी ताट दुसऱ्या मांडीवर घेतलं. आबा सरळ झाले.

"न्हाई चालली," ते म्हणाले. "माडी तुझी."

आणि तिथल्या तिथे ते मोडायला लागले. सुरुवात अर्थातच कॉर्डपासून. पण आता घाई नव्हती. एकेक खिळा, एकेक जोड. सूनबाई म्हणाल्या, आबा, उद्या काढा, जेवून घ्या. ते ऐकेनात. कॉर्डचा पूर्ण तुकडा निघाला, त्यांनी तो भिंतीशी ठेवला, पुण्याचा सांधा सवयीने सरळ दौंडकडे केला आणि फळ्यांना पाठ करून पक्कड शोधायला लागले.

बटण मी फिरवलेलंच राहिलं होतं. थंड झालेल्या अडॅप्टरचा लाल दिवा पुन्हा लागला आणि पुण्याची गाडी निघाली. कुणी हात लावला नव्हता. तीन डबे घेऊन ती वळणावरून आली, सांध्यावर खडखडली, दौंडच्या प्लॅटफॉर्मला लागली आणि टोकाच्या लाकडी ठोकळ्याला टेकून घरघरत उभी राहिली. मी झटकन बटण बंद केलं.

सूनबाई उंबरा ओलांडून आत आल्या. वाकून गाडी बघितली.

"दौंडपर्यंत आली," त्या म्हणाल्या. "आता इथून मनमाडला कशी जाते?"

आबांनी माईंच्या अंबाड्यातली उरलेली एकुलती एक पिन मागितली. गुडघे टेकून बसले आणि इंजिन आणि डबा यांच्या मधे पिन घातली. मी त्यांना इतकी वर्षं बघत होतो, पण हा माणूस स्थिर बसलेला तेव्हा पहिल्यांदा पाहिला. कपलिंग उचललं. थांबले. मागे बघितलं, पुढे बघितलं. इंजिन सोडवून बाजूच्या रुळाने पलीकडे नेलं, लावलं, ब्रेक तपासल्यासारखं डब्यांना कान लावला. मी म्हणालो, आबा, एवढा वेळ कशाला, खेळण्यातलीच आहे. त्यांनी करंगळी दाखवली.

मी बटण उलटं फिरवलं, आणि गाडी उलटी निघून मनमाडला गेली.

सूनबाईंनी एवढंच विचारलं, "किती वेळ लागला?"

मी घड्याळ बघितलं. "पंचवीस मिनिटं."

त्यांनी खोलीवर नजर फिरवली. कॉर्ड निघाल्यावर मधली सगळी जागा मोकळी झाली होती. दोन्ही लाइनी एकाच अंगाने येणार, म्हणजे अख्खं दौंड एका भिंतीलगतच्या हातभर रुंद फळीवर मावत होतं. दोन वर्षं आणि रद्दीभर कागद यांत आम्हाला हे दिसलं नव्हतं. सूनबाई म्हणाल्या, माडी माझी, ठरल्याप्रमाणे. मग खिडकीखालच्या भिंतीकडे बोट केलं. "ती भिंत तुमची. केसांना रंग लावला की बायकांना अर्धा तास तसंच बसवावं लागतं. कंटाळतात बिचाऱ्या."

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तर माईंनी वर पाठवलं. पार्लर बायकांचं, त्यामुळे मला जिन्यापर्यंतच मुभा. माईंचा अंबाडा पुन्हा पिनांनी भरला होता. वर पिनांचे डबेच्या डबे होते. अर्ध्या उघड्या पडद्यातून मला आत दिसलं. तीन बायका डोक्याला रंग थापून, गळ्याला प्लॅस्टिक बांधून ओळीने बसलेल्या, आणि भिंतीशी गुडघे टेकलेला खाकी शर्ट. इंजिन सुटलं होतं. इंजिन लागलं. गाडी आली त्याच अंगाला हळूहळू निघाली.

कडेची बाई पुढे वाकून म्हणाली, "अगं बाई. आबा, ही परत पुण्याला चालली का?"

आबांची पाठ मला दिसत होती, चेहरा नाही. पण तो कसा झाला असेल ते मला ठाऊक होतं.

"व्हय," ते म्हणाले. "बसा, पुन्यालाच चालली."